घरचा सामना घरीच होऊ द्या

प्रति,
अध्यक्ष ब्रेट रॉबिन्सन आणि परिषदेचे सर्व सदस्य,
वर्ल्ड रग्बी, डब्लिन

स. न. वि. वि.

१२ जुलै २०२५ रोजी फिजीने आपल्या राजधानीत, सुवामध्ये, रग्बीत स्कॉटलंडला २९-१४ असे हरवले. जेमतेम पंधरा हजार माणसे मावतील असे मैदान, समोर युरोपातला जुना, मुरलेला संघ, आणि निकाल हा असा. या पराभवाचे उट्टे काढायची संधी स्कॉटलंडला लगेच पुढच्याच वर्षी मिळते आहे. बारा देशांच्या नव्या नेशन्स चॅम्पियनशिपमध्ये २०२६ च्या जुलैत पुन्हा फिजी विरुद्ध स्कॉटलंड. कागदावर यजमान फिजी. मैदान मात्र मरेफिल्ड, एडिंबरा, म्हणजे स्कॉटलंडचेच.

वेल्सविरुद्धचा फिजीचा ‘घरचा’ सामना कार्डिफला ठेवला आहे आणि इंग्लंडविरुद्धचा लिव्हरपूलला.

आमच्या सिंधुदुर्गात आंगणेवाडीची जत्रा भरते. ती उद्या कोणी उचलून लंडनच्या हाइड पार्कात भरवली आणि निमंत्रणावर ‘यजमान : आंगणेवाडी’ असे छापले, तर मालवणी माणूस काय बोलेल ते या पत्रात लिहिण्यासारखे नाही. सिंधुदुर्गाचे नाव उगाच घेतलेले नाही. २०११ च्या जनगणनेत त्या जिल्ह्याची लोकसंख्या साडेआठ लाखांच्या आसपास होती. फिजीची सुमारे नऊ लाख. म्हणजे आमच्या एका लहानशा जिल्ह्याएवढ्या देशाने इंग्लंड, ऑस्ट्रेलिया, फ्रान्स, वेल्स, स्कॉटलंड या सगळ्यांना एकदा ना एकदा लोळवले आहे. समोआ दोन लाखांचा. टोंगा एक लाखाचा. आमच्याकडे एवढ्या वस्तीला नगरपालिका असते आणि तिने वेळेवर पाणी सोडले तरी नगराध्यक्षांचा सत्कार होतो.

मी कोण, हे सांगायला हवे. मुंबईत कॉलेजात असताना मी चार पावसाळे फ्लँकर म्हणून चिखलात लोळलो. आमच्याकडे रग्बीचा खरा मोसम म्हणजे पावसाळा, कारण एरवी मैदान क्रिकेटवाल्यांचे असते आणि जमीन अशी टणक की टॅकल करणाऱ्याचेच खांदे निखळावेत. पुढे गुडघा गेला, खेळ सुटला, बघणे सुटले नाही. भारत तुमच्या क्रमवारीत इतका खाली आहे की हे पत्र भारतासाठी लिहिलेले नाही, हे तुमच्याही लक्षात येईल.

तरी आमचा एक जुना हक्क तुमच्यावर आहे. इंग्लंड आणि स्कॉटलंड ज्या करंडकासाठी १८७९ पासून भांडतात, तो कलकत्ता कप आमच्या चांदीच्या २७० रुपयांतून घडवला आहे. कलकत्त्याचा गोऱ्यांचा क्लब १८७८ मध्ये मोडला, तेव्हा बँकेतली शिल्लक काढून, ते रुपये वितळवून हा कप केला आणि इंग्लंडला पाठवून दिला. कान नागांचे, झाकणावर हत्ती. (क्लब मोडण्याच्या कारणांत फुकटची दारू बंद झाल्याचेही एक कारण सांगतात. क्लब कसे मोडतात ते आम्हालाही ठाऊक आहे.) तेव्हा तुमच्या कपाटातल्या २७० रुपयांच्या बळावर मी हे चार शब्द लिहितो आहे असे समजा.

आधी श्रेय. २०२७ च्या ऑस्ट्रेलियातल्या विश्वचषकात २० ऐवजी २४ संघ खेळतील, हे तुम्ही चांगले केले. हाँगकाँग प्रथमच येतो आहे. झिम्बाब्वेने कंपालात नामिबियाला ३०-२८ असे हरवून १९९१ नंतर पहिल्यांदा जागा मिळवली. स्पेनचा संघ १९९९ नंतर दोन वेळा खेळाडूंच्या पात्रतेच्या कागदपत्रांत अडकून बाहेर राहिला होता; तोही येतो आहे. २०२१ मध्ये तुम्ही पात्रतेचा नियम सैल केला, हेही चांगले. त्यामुळे चार्ल्स पिउताऊ, मलकाई फेकितोआ यांच्यासारखे न्यूझीलंडकडून खेळून झालेले खेळाडू तीन वर्षे थांबून आपल्या आईवडिलांच्या टोंगाकडून २०२३ चा विश्वचषक खेळले.

पण विश्वचषक चार वर्षांतून एकदा येतो. लहान देशांचे नशीब ठरते ते मधल्या तीन वर्षांत आणि तुमची कंजुषी नेमकी तिथेच आहे.

जपानचेच घ्या. ४ जून १९९५ रोजी ब्लोमफाँटेनला न्यूझीलंडने जपानला १४५-१७ असे चिरडले. ‘अशा देशांना विश्वचषकात बोलावताच कशाला’ हा सूर तेव्हाही होता आणि असा एखादा निकाल लागला की अजूनही निघतो. वीस वर्षांनी, १९ सप्टेंबर २०१५ ला, ब्रायटनला तोच जपान दक्षिण आफ्रिकेसमोर उभा होता. शेवटची मिनिटे, तीन गुणांनी मागे, पेनल्टी मिळालेली. खांबांमध्ये लाथ मारली असती तर बरोबरी होती आणि तीसुद्धा इतिहासात गेली असती. कर्णधार मायकेल लीचने स्क्रम मागितला, म्हणजे दोन्ही फळ्यांची चेंडूसाठी रेटारेटी करून विजयासाठीच खेळायचे ठरवले. मी दादरच्या घरात टीव्हीसमोर उभा राहून ‘अरे मार ना लाथ!’ म्हणून ओरडत होतो. बरे झाले, माझे ऐकायला तिथे कोणी नव्हते. चेंडू एका बाजूने दुसऱ्या बाजूला फिरला, कार्न हेस्केथ चेंडू टेकवत कोपऱ्यात पडला, ३४-३२. त्याआधी जपानच्या खात्यावर सगळ्या विश्वचषकांत मिळून एकच विजय होता, १९९१ मधला झिम्बाब्वेवरचा.

हा चमत्कार नव्हता. जपानमध्ये मोठमोठ्या कंपन्यांचे संघ होते, खेळाडूला महिन्याचा पगार होता. प्रशिक्षक एडी जोन्स यांनी महिनोन्महिने शिबिरे घेऊन त्यांना पिळून काढले होते. पैसा, वेळ आणि सामने या तीन गोष्टी मिळाल्या की १४५ चे ३४-३२ होते. आणि या विजयानंतर तुम्ही काय दिले? चार दिवसांनी, बुधवारी, स्कॉटलंडविरुद्ध सामना. ताजातवाना स्कॉटलंड, दमलेला जपान, ४५-१०. चार वर्षांनी हीच गत उरुग्वेची. २५ सप्टेंबर २०१९ ला कामाइशीत, सुनामीने धुऊन नेलेल्या गावात उभारलेल्या मैदानावर, त्यांनी फिजीला ३०-२७ असे हरवले. पुढचा सामना चार दिवसांनी, जॉर्जियाविरुद्ध, ३३-७ ने हार. आणि फिजी तरी कामाइशीत कसा उतरला होता? ऑस्ट्रेलियाविरुद्धच्या सामन्याला चार दिवस झालेले असताना. मोठ्या संघांचे सामने टीव्हीच्या सोयीने शनिवार-रविवारी आणि उरलेले बारके संघ आठवड्याच्या मधल्या दिवसांत कोंबायचे, ही रीत तुम्ही २०२३ ला मोडलीत. सगळ्यांना किमान पाच दिवसांची उसंत मिळाली. त्या विश्वचषकात पोर्तुगालने जॉर्जियाशी १८-१८ अशी बरोबरी केली आणि ८ ऑक्टोबरला तुलूजमध्ये फिजीला २४-२३ असे हरवले. उसंत मिळणे हे एवढ्याने एकमेव कारण ठरत नाही, पण ती फुकट द्यायची गोष्ट होती आणि ती द्यायला तुम्हाला १९८७ पासून २०२३ पर्यंतचा काळ लागला.

आता त्याच पोर्तुगालचे पुढचे ऐका. तुलूजनंतर एकवीस महिन्यांनी, जुलै २०२५ मध्ये, आयर्लंडने लिस्बनमध्ये येऊन पोर्तुगालला १०६-७ असे हरवले. आयर्लंडचे सोळा-सतरा खेळाडू तेव्हा ब्रिटन-आयर्लंडच्या संयुक्त ‘लायन्स’ संघाबरोबर ऑस्ट्रेलियात होते. म्हणजे हा त्यांचा दुसऱ्या फळीचा संघ. (आयर्लंडचे एक मान्य करायला हवे, त्या दौऱ्यात ते तिबिलिसीला गेले, लिस्बनला गेले. इतरांनी एवढे तरी करावे.) पोर्तुगाल एकवीस महिन्यांत खेळ विसरला का? प्रशिक्षक पॅट्रिस लाजिस्के विश्वचषक संपताच गेले, काही जुने खेळाडू थांबले, आणि विश्वचषकात जो वेग, जे धक्के रोज सोसायची सवय लागली होती ती सोसायला पुन्हा कोणी मोठा प्रतिस्पर्धी फारसा मिळाला नाही. आमच्याकडे तालमीत म्हणतात, पैलवान खुराकाने वाढतो पण जोडीने तयार होतो. जोड नसेल तर दूध-बदाम पोटावर चढतात.

जोड मिळाल्यावर काय होते ते अर्जेंटिनाने दाखवले. २००७ मध्ये त्यांनी फ्रान्सला फ्रान्समध्ये दोनदा हरवून तिसरा क्रमांक घेतला, तेव्हा ते दरवर्षीच्या कुठल्याही मोठ्या स्पर्धेत नव्हते. २०१२ मध्ये तुम्ही, म्हणजे न्यूझीलंड, ऑस्ट्रेलिया, दक्षिण आफ्रिका या दक्षिणेकडच्या तिघांनी, त्यांना आपल्या दरवर्षीच्या स्पर्धेत आत घेतले. सुरुवातीला हरत राहिले. पहिल्या दोन मोसमांत एकही विजय नाही, तिसऱ्यात ऑस्ट्रेलियावर पहिला. २०२० मध्ये त्यांनी ऑल ब्लॅक्सना, म्हणजे न्यूझीलंडला, २५-१५ असे हरवले, २०२२ मध्ये न्यूझीलंडमध्ये जाऊन २५-१८. दार उघडल्यापासून आठ वर्षे.

आणि दार न उघडल्यावर काय होते ते पाहायचे तर रुमानियाकडे पाहा. हे उदाहरण तुमच्या बैठकीत कोणी काढत नसेल, म्हणून जरा सविस्तर लिहितो. १९८३ मध्ये रुमानियाने बुखारेस्टला वेल्सला २४-६ असे हरवले. १९८४ मध्ये स्कॉटलंडला, आणि त्या वर्षी स्कॉटलंडने इंग्लंड, स्कॉटलंड, वेल्स, आयर्लंड, फ्रान्स या पाच देशांच्या स्पर्धेत (आताची सिक्स नेशन्स) सगळे सामने जिंकले होते. १९८८ मध्ये वेल्सला पुन्हा, तेही कार्डिफमध्ये, १५-९. १९९० मध्ये फ्रान्सला फ्रान्समध्ये, १२-६. एवढे करूनही पाचाचे सहा झाले नाहीत. त्यातच डिसेंबर १९८९ ची क्रांती होऊन गेली होती. त्यांचा फ्लँकर फ्लोरिका मुरारियु, लष्करातला अधिकारी, त्या धुमश्चक्रीत गोळी लागून गेला. सैन्याचे आणि पोलिसांचे क्लब ज्या सरकारी पैशावर चालत होते तो आटला, चांगले खेळाडू फ्रान्सला गेले. पाचाचे सहा झाले ते २००० साली, इटलीला घेऊन. रुमानिया तोवर थकला होता. २०२३ च्या विश्वचषकात आयर्लंडने त्यांना ८२-८, दक्षिण आफ्रिकेने ७६-०, स्कॉटलंडने ८४-० असे हरवले. सगळा दोष बंद दाराचा नाही, हुकूमशहा चाउशेस्कूच्या राजवटीवर उभा राहिलेला खेळ तिच्याबरोबर पडणारच होता. पण १९८५ च्या सुमारास दरवर्षी एक सामना लंडनच्या ट्विकनहॅमला आणि एक पॅरिसला ठरलेला असता, तिकिटांचे, टीव्हीचे पैसे येत राहिले असते, तर त्या पडझडीत धरायला काहीतरी असते एवढे मी खात्रीने म्हणतो.

आज त्या जागी जॉर्जिया उभा आहे. कॉकेशसच्या डोंगरांतला सदतीस लाखांचा देश. गुरिया भागातल्या शुखुती गावात ईस्टरला वरची आळी आणि खालची आळी सुमारे सोळा किलोच्या चेंडूवर तुटून पडतात. चेंडू ओढ्यापलीकडे नेणारी बाजू जिंकते आणि तो चेंडू त्या वर्षात गेलेल्या आपल्या एखाद्या माणसाच्या थडग्यावर नेऊन ठेवते. त्या खेळाचे नाव लेलो. राष्ट्रीय संघालाही ‘लेलो’च म्हणतात. अशा मातीत स्क्रम शिकवावा लागत नाही. २०२२ च्या जुलैत त्यांनी बटुमीला इटलीला २८-१९ असे हरवले, नोव्हेंबरमध्ये कार्डिफला वेल्सला १३-१२. युरोपची दुसऱ्या फळीची स्पर्धा ते गेली दीड दशके जवळजवळ दरवर्षी जिंकतात. बक्षीस म्हणून त्यांना काय मिळते? पुढच्या वर्षी तीच स्पर्धा. इंग्लंडशी त्यांचा विश्वचषकाबाहेरचा सामना झाला तो २०२० मध्ये, करोनाच्या काळात, रिकाम्या ट्विकनहॅमवर.

तुम्ही म्हणाल, सिक्स नेशन्स आमची नाही, ती त्या सहा संघटनांची खासगी कंपनी आहे. बरोबर. २०२१ मध्ये त्या कंपनीने आपला एक सप्तमांश हिस्सा सीव्हीसी नावाच्या गुंतवणूकदारांना ३६.५ कोटी पौंडांपर्यंतच्या किमतीला विकला. सातवा हिस्सा विकता येतो, सातवा देश मात्र आत घेता येत नाही.

आणि ती कंपनी तुमची नाही म्हणता, तर मग परिषदेत बसले कोण आहे? २०२० च्या अध्यक्षपदाच्या निवडणुकीत ५१ मते होती. त्यांतली ३० मते दहा बड्या संघटनांची, प्रत्येकी तीन. फिजीला एक, समोआला एक, जॉर्जियाला एक. टोंगाला स्वतःचे मतच नव्हते. निकाल : इंग्लंडचे बिल बोमाँट २८, अर्जेंटिनाचे अगुस्तिन पिचोत २३. २०२४ मध्ये रॉबिन्सनसाहेब, तुम्ही स्वतः २७-२५ ने निवडून आलात, समोर मोरोक्कोत जन्मलेले अब्देलातिफ बेनाझी होते. म्हणजे जवळजवळ निम्म्या परिषदेला काहीतरी वेगळे हवे आहे. नेशन्स चॅम्पियनशिपचा आराखडा २०२३ मध्ये याच परिषदेने मंजूर केला : बारा देश वरच्या मजल्यावर, बारा खालच्या, आणि २०३० पर्यंत जिना नाही. वरच्या बारांत जपान आणि फिजी आहेत, हे मान्य. पण फिजीला वरच्या मजल्यावर खोली देऊन त्याच्या घराची किल्ली एडिंबऱ्यात ठेवायची, हे काय?

फिजीच्या संघटनेने हे मान्य केले आहे हेही मला कळते. सुवाच्या मैदानात पंधरा हजार माणसे, मरेफिल्डमध्ये सदुसष्ट हजार, लिव्हरपूलच्या नव्या मैदानात बावन्न हजारांहून जास्त. तिकिटांच्या दराची तर तुलनाच नको. रिकाम्या तिजोरीच्या माणसाला ‘तुझ्या घरी जेवण घाल, नाहीतर माझ्या हॉटेलात ये, बिलातले काही तुला देतो’ असे म्हटले की तो हॉटेलात जातो. त्याला राजीखुशी म्हणत नाहीत.

तिजोरी रिकामी का, याचे उत्तर २५ नोव्हेंबर २०१७ च्या सामन्यात आहे. इंग्लंड विरुद्ध समोआ, ट्विकनहॅम. इंग्लंडच्या खेळाडूला त्या एका सामन्याचे सुमारे २२ हजार पौंड. समोआच्या खेळाडूला त्या आठवड्याचे सुमारे ६५०. समोआची संघटना तेव्हा दिवाळखोरीच्या काठावर होती. तिकिटांचा सगळा गल्ला रिवाजाप्रमाणे यजमानांचा. इंग्लंडच्या संघटनेने सद्भावना म्हणून ७५ हजार पौंड दिले, खेळाडूंनीही आपल्या मानधनातला काही भाग द्यायची तयारी दाखवल्याचे तेव्हा बातम्यांत होते. खेळाडूंचे मन मोठे, पण हिशेब कोणाच्या मनावर चालू नये. जो रिवाज दोन श्रीमंतांमध्ये ठीक आहे, ‘या वर्षी तुझ्या घरी, पुढच्या वर्षी माझ्या’, तो समोआला लागू करण्यात अर्थ नाही, कारण इंग्लंड समोआत कसोटी खेळायला जातच नाही. ऑल ब्लॅक्स समोआच्या राजधानीत, अपियात, गेले ते ८ जुलै २०१५ ला. त्यांच्या संघात समोआच्या रक्ताचे किती खेळाडू होऊन गेले, ते मोजायला बसलो तर हे पत्र संपणार नाही. अख्खे बेट रस्त्यावर उतरले होते. २५-१६ असा सामना झाला, समोआने तोंडाला फेस आणला होता. त्यानंतर पुन्हा एकदाही नाही.

समोआने १९९१ मध्ये कार्डिफला वेल्सला १६-१३ असे हरवले होते. त्याच समोआला २०२७ ची जागा मिळवायला काय करावे लागले? चिलीविरुद्धचा पहिला सामना अपियात नव्हे, अमेरिकेत सॉल्ट लेक सिटीत, तो ३२-३२. परतीचा चिलीच्या भूमीवर, तो गेला. मग दुबईत शेवटच्या चौघांची झुंज आणि बेल्जियमशी १३-१३ अशी बरोबरी करून चोविसावी, सर्वांत शेवटची जागा. मनू तुइलागी समोआत जन्मून इंग्लंडकडून खेळला, त्याचे थोरले भाऊ समोआकडून. त्याला मी दोष देत नाही. आमच्याही घराघरांतून एक भाऊ गावी आणि एक मुंबईला असतोच.

फिजीचे मात्र एक बरे झाले आणि ते तुमच्याच मदतीने झाले, म्हणून ते सांगून मुद्द्यावर येतो. २०२२ मध्ये फिजीयन ड्रुआ हा संघ सुपर रग्बीत आला. तोपर्यंत फिजीचे उत्तम खेळाडू फ्रान्स-इंग्लंडच्या क्लबांत पांगलेले. राष्ट्रीय संघ म्हणजे सामन्याआधी काही दिवस विमानतळावरून गोळा केलेली माणसे, आणि क्लब सोडतील तेव्हाच गोळा होणारी. नियम म्हणतो सोडलेच पाहिजे, करार करताना कानात वेगळेच सांगतात. ड्रुआमुळे मुले घरी राहून, घरचे कंद-मासे खाऊन, पगार घेऊन आठवड्याला आठवडा न्यूझीलंड-ऑस्ट्रेलियाच्या संघांशी भिडू लागली. २०२३ मध्ये फिजीतल्या लौतोकाच्या उन्हात त्यांनी न्यूझीलंडच्या क्रुसेडर्सना २५-२४ असे हरवले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये फिजीने ट्विकनहॅमवर इंग्लंडला ३०-२२ असे पाडले आणि सप्टेंबरमध्ये, सेंट एतियेनला, १९५४ नंतर पहिल्यांदा ऑस्ट्रेलियाला २२-१५. फिजी आक्रमक खेळतो, बेभरवशाचा खेळतो, ‘नैसर्गिक प्रतिभा’ वगैरे जे समालोचक बोलत असतात ते मला फारसे पटत नाही. सात जणांच्या खेळात, सेव्हन्समध्ये, त्यांनी रिओ आणि टोकियो अशी दोन ऑलिंपिक सुवर्णपदके घेतली. प्रतिभा होतीच. पंधरा जणांच्या खेळात कमी होता तो दर आठवड्याचा सराव आणि घरचे मैदान. लौतोकाने तेच दिले. आणि नेमके तेच तुम्ही आता काढून घेत आहात.

कोणी विचारेल, भारतातून हा शहाणपणा कशाला? रास्त आहे. क्रिकेटमध्ये आम्ही तेच करतो जे तुम्ही रग्बीत करता, किंबहुना जास्त. आंतरराष्ट्रीय परिषदेच्या उत्पन्नातला सुमारे ३८.५ टक्के वाटा आमच्या मंडळाला जातो. २०१९ आणि २०२३ चे विश्वचषक दहाच संघांचे झाले आणि आमच्याकडे फारसे कोणाला त्याचे काही वाटले नाही. म्हणजे थोरल्या भावाचे मन कसे चालते हे मला आतून ठाऊक आहे. पण कबड्डीत आम्ही एक दार उघडले, चुकून असेल. प्रो कबड्डीत इराणचे खेळाडू आले. फझल अत्राचली यू मुंबाकडून खेळला. २०१८ च्या लिलावात त्याच्यावर एक कोटीची बोली लागली. पुढे तो पुणेरी पलटणकडूनही खेळला. आमच्या पोरांनी त्याची ती डाव्या कोपऱ्यातली पकड गल्लीत नक्कल करून पाहिली. त्याच २०१८ मध्ये जकार्ताच्या आशियाई स्पर्धेत उपांत्य फेरीत इराणने भारताला २७-१८ असे हरवले. १९९० पासून एकदाही न सुटलेले सुवर्ण सुटले. मी त्या रात्री जेवलो नाही. पण त्यानंतर कबड्डीचा भारत-इराण सामना लागला की घरातले सगळे टीव्हीसमोर येतात, आधी कोणी येत नव्हते. निकाल माहीत असलेला खेळ कोण बघणार?

तेव्हा मागणे एवढेच. नेशन्स चॅम्पियनशिपमध्ये फिजीचे घरचे सामने फिजीतच ठेवा. ब्रिटनमध्ये खेळून फिजीला जेवढे जास्त मिळणार असेल तेवढी भरपाई विश्वचषकाच्या उत्पन्नातून करा; ते उत्पन्न चोवीस देशांच्या घामाचे आहे. पाहुण्या संघाला तिकिटांच्या गल्ल्यात ठरलेला वाटा द्या, सद्भावना म्हणून नको. आणि जिना २०३० पर्यंत थांबवू नका. दरवर्षी सिक्स नेशन्सच्या तळाचा संघ आणि जॉर्जियासारखा खालचा विजेता यांचा एक सामना घ्या, एक वर्ष एकाच्या घरी, दुसऱ्या वर्षी दुसऱ्याच्या. वेल्स किंवा इटली खाली जाण्याची भीती वाटते म्हणून हा सामना होत नाही, हे सगळ्यांना कळते. पण मग जॉर्जिया अजून तयार नाही असे तरी म्हणू नका. मतांची वाटणी हा मोठा विषय आहे, त्यावर मी बोलून तुम्ही तीनाची दोन करणार नाही. निदान टोंगाला खुर्ची द्या.

सुवामध्ये दुपारी तीनला सामना सुरू झाला की मुंबईत सकाळचे साडेआठ वाजलेले असतात. लिव्हरपूलचा सामना आम्हाला संध्याकाळी, चहा-भजी घेऊन निवांत बघता येईल, तो आमच्या सोयीचा आहे. आमच्या सोयीचा विचार करू नका. मी साडेआठला बसेन, जुलैत बाहेर पाऊस असेल, लोकल उशिराने धावत असतील, ऑफिसला सांगायला कारण तयारच असते.

कळावे,
आपला,
चार पावसाळ्यांचा एक जुना फ्लँकर
दादर, मुंबई